मोहोपाड्याच्या सोसायट्या आणि आपला समाज : तोंडी शब्दावर नको, कागदावर घर घ्या

खालापूर तालुक्यातला मोहोपाडा-रसायनी हा पट्टा आता नुसता कारखान्यांचा राहिलेला नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनीचा कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. पाताळगंगा एमआयडीसी मात्र चालू आहे, द्रुतगती मार्ग जवळ आहे आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यावर तर फ्लॅटच्या जाहिरातींना ऊतच आला. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे बघणाऱ्यांत आपल्या समाजाची कुटुंबं बरीच आहेत. रायगडमधली कित्येक घरं आखातातल्या कमाईवर चालतात. मुलगा तिकडून पैसे पाठवतो, इकडे अब्बा किंवा मामू बिल्डरकडे जाऊन टोकन देऊन येतात. वीस वर्षांची कमाई एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जाते.

या व्यवहारात लोक रेट विचारतात, मशीद किती लांब आहे ते विचारतात, पार्किंग विचारतात. सोसायटी नोंदलेली आहे का, तिचे नियम काय आहेत, जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारणारे थोडे. खरं तर ही माहिती सरकारदरबारी पडलेली असते आणि त्यातली बरीचशी फुकट किंवा चहाच्या पैशात मिळते. ती कुठे आहे आणि आपल्यासाठी ती जास्तच महत्त्वाची का आहे, ते आम्ही इथे मांडतो आहोत.

पहिला कागद जमिनीचा. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. त्यासोबत फेरफार बघा. जमीन कुणाकडून कुणाकडे आली, बँकेचा बोजा आहे का, वारसांचा वाद आहे का, हे त्यातून कळतं. नंतर इमारतीची परवानगी. इथेच मोठी गंमत आहे. या पट्ट्यात कुठे एमआयडीसी, कुठे सिडकोचं नैना, कुठे जिल्हाधिकारी कार्यालय, अशी परवानगी देणारी यंत्रणा गावागणिक बदलते. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. त्या गावासाठी नियोजन प्राधिकरण कोणतं ते आधी ठरवा, मग मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा.

दुसरा कागद महारेराचा. २०१७ पासून प्रकल्पाचं नोंदणीपान कुणालाही बघता येतं. मंजुरी, जमिनीच्या हक्काचा अहवाल, काम पूर्ण करायची तारीख, बिल्डरवर चालू असलेले दावे, सगळं त्यात असतं. पण एक पळवाट ध्यानात ठेवा. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. गावठाणालगत उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारती यातच बसतात, आणि स्वस्त म्हणून आपले लोक नेमके तिथेच जातात. तिथे महारेराचं पान सापडणार नाही. सातबारा, परवानगी आणि दुय्यम निबंधकाकडची नोंद, एवढाच आधार. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधता येते. तोच फ्लॅट आधी दुसऱ्याला विकलाय का, ते तिथे दिसतं.

तिसरा कागद सोसायटीचा, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आधी हे विचारा की ही सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट. सोसायटी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली जाते आणि २०१९ पासून त्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच आहे. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली येतं. त्याचं घोषणापत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असतं, तिथून नक्कल काढता येते. तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही नाही. बिल्डर दरमहा मेंटेनन्स घेतो, पावतीवर त्याच्याच फर्मचं नाव असतं. तिथे हिशोब मागायला तुम्ही सभासदच नसता.

नोंदलेल्या सोसायटीत सभासदाला उपविधी, म्हणजे आपण बायलॉज म्हणतो ते, लेखापरीक्षित ताळेबंद, समितीची यादी आणि सभांची इतिवृत्तं बघायचा कायदेशीर हक्क आहे. फी भरून नकलाही मिळतात. पण घेणारा अजून सभासद झालेला नसतो, मग त्याने काय करायचं? सोपं आहे. विकणारा सभासद असतो, त्याच्याकडून मागायचं. जो माणूस शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि थकबाकी नसल्याचा दाखला आणून देत नाही, त्याच्या व्यवहारात काहीतरी पाणी मुरतंय असं समजायला हरकत नाही.

समिती दाद देत नसेल तर माहिती अधिकार आहे. पण थेट सोसायटीकडे अर्ज करून उपयोग नाही. ७ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं की सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत. त्याच निकालात पुढची गोष्ट आहे, ती लोक विसरतात. सहकार निबंधक मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि कायद्याने जी माहिती तो सोसायटीकडून मागवू शकतो ती त्याच्यामार्फत नागरिकाला मागता येते. म्हणजे अर्ज करायचा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधी, लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक विवरणपत्र, असं मुद्देसूद मागा. शेजाऱ्याची थकबाकी किंवा घरगुती माहिती मागू नका, ती मिळणार नाही आणि मागूही नये. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ.

या कागदांतून पैसेही वाचतात. ट्रान्सफरच्या नावाखाली पन्नास हजार, लाख मागितल्याच्या तक्रारी कुठेही ऐकायला मिळतात. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हस्तांतरण प्रीमियमला कमाल मर्यादा घातली आहे. महापालिका हद्दीत २५,००० रुपये, आणि ग्रामपंचायत हद्दीत फक्त ५,०००. खालापूरच्या गावात बसून मुंबईचा दर मागणारी समिती कायदा मोडते. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

आता मुद्दा आपल्या दुखण्याचा. ‘तुमच्या लोकांना देत नाही’ हे वाक्य मुंबई-ठाण्यात आपल्यातल्या कित्येकांनी ऐकलंय. ते कधी लिहून मिळत नाही, आणि हीच त्यातली चलाखी आहे. सोसायटी तोंडी सांगते की एनओसी मिळणार नाही. पण आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी लागतच नाही, सभासदाने १५ दिवस आधी नोटीस द्यायची असते. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. पण अपील कशावर करणार? हातात कागद हवा. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. मात्र खोटी आशाही नको. विकणाऱ्यानेच किंवा एजंटने आधीच पाठ फिरवली तर हा कायदा तिथपर्यंत पोचत नाही. ती उणीव विधिमंडळानेच भरून काढायची आहे.

उपविधी का वाचायचे, याचं मोठं उदाहरण अहमदाबादच्या झोराष्ट्रियन सोसायटीचं. फक्त पारशांनाच सभासद करायचं, असा तिचा उपविधी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या कायद्याखाली तो ग्राह्य धरला आणि बदल हवा असेल तर ते काम कायदेमंडळाचं, असं म्हटलं. म्हणजे दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे एका नोंदवलेल्या पुस्तिकेत ठरतं.

हा प्रश्न शेजारच्या कर्जत तालुक्यातही येऊन गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये नेरळजवळच्या एका प्रकल्पाची ‘हलाल’ टाउनशिप म्हणून जाहिरात झाली, गदारोळ उठला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. ज्या सोसायट्या आपल्याला उघडपणे घर नाकारतात त्यांच्याबद्दल एवढी तत्परता दिसत नाही, हे खरंच. दुटप्पीपणा आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. पण आम्हाला दुसरी बाजूही सांगायची आहे. नमाजची सोय, सामानसुमानाची सोय असलेली वस्ती शोधण्यात गैर काही नाही. मात्र ‘फक्त आपल्यांसाठी’ म्हणून विकलं जाणारं घर आपल्याला दोनदा मारतं. बाहेरची दारं बंद ठेवणाऱ्यांना आपण आयतं कारण देतो, आणि आत बिल्डर आपला माणूस म्हणून कुणी त्याचे कागद तपासत नाही. हलालचा शिक्का मारला म्हणजे सातबारा साफ होत नाही.

दीनच्या बाजूनेही यात नवल काही नाही. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगते. आपण मात्र लिहायला सांगणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं समजतो. ६ जून २०२५ ला उमीद पोर्टल सुरू झालं तेव्हा मशिदी-कब्रस्तानांचे जुने कागद शोधताना जमातींची केवढी धावपळ झाली, ते ताजं आहे. घरांच्या बाबतीत तीच वेळ यायची वाट कशाला बघायची?

शेवटी जमातींना एक सुचवणं. गावागावात वकील, निवृत्त तलाठी, बँकेतले लोक, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येणारी पोरं आपल्याकडे आहेत. जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एक तास ही मंडळी बसली आणि टोकन देण्याआधी लोकांचे कागद बघितले, तर कितीतरी कुटुंबांची फसवणूक टळेल. ज्यांची सोसायटी आधीच झाली आहे त्यांनी आपल्या इमारतीचा सातबारा काढून बघावा. मालक म्हणून अजून बिल्डरचं किंवा जुन्या जमीनमालकाचं नाव असेल, तर अलिबागला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा. फ्लॅट आपला आणि जमीन दुसऱ्याची, ही स्थिती मुलांच्या गळ्यात टाकून जाऊ नका.