‘मिनी काश्मीर’ कीं बुडालेलें खोरें?
सातारा जिल्ह्यांतील तापोळ्यास ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, तिचा आम्हांस मनस्वी तिटकारा आहे. कोयनेच्या खोऱ्याला स्वतःचें नांव असतां हें उसनें भूषण कशाला? शिवसागर कांहीं निसर्गानें भरलेला नाहीं. १९६४ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें तें पाणी अडविलें. त्याखालीं शेतें, घरें, देवळें गेलीं, आणि माणसें सांगली, सोलापूर, ठाण्यापर्यंत पांगलीं. बामणोलीहून होडींत बसून वासोट्यास जाणाऱ्या सुशिक्षितांपैकीं किती जण नावाड्याला ‘खालीं कोणतें गांव?’ म्हणून विचारतात?

आयर्लंडच्या पश्चिमेस ग्रेट ब्लास्केट हें आयरिश बोलणाऱ्या कोळ्यांचें बेट होतें. १९५३ सालीं तेंहि ओस पडलें. पण विद्वान तेथें जाऊन कोळ्यांपाशीं भाषा शिकले होते, आणि त्यांतल्याच एकाचें, तोमास ओ क्रोहनचें, आत्मचरित्र १९२९ सालींच त्याच्या भाषेंत छापून निघालें होतें. आमचे विद्वान कोयनेची वीज जाळून परिसंवाद भरवितात! धरणापूर्वींचें खोरें जाणतेपणीं पाहिलेलीं माणसें आज ऐंशीच्या घरांत आहेत. वाचकहो, येत्या सुट्टींत नौकाविहार राहूं द्या. सांगलीकडच्या एखाद्या पुनर्वसित वस्तींत जाऊन एखाद्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या आणि बुडालेल्या वाड्यांचीं नांवें उतरून घ्या.