डोंगा घेता, मग कागद का नको?

वर्धा नदी ही आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा. तिच्या काठच्या गावांत डोंग्याची खरेदी-विक्री हातोहात होते. चार माणसांसमोर नोटा मोजल्या, वल्हे हाती दिले, चहा झाला की व्यवहार संपला. जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुक मागतो. मग मजुरीतून पै-पै जमवून घेतलेल्या डोंग्याला कागद का नको?

१९३० चा मालविक्री कायदा तोंडी विक्रीही मानतो. पण तोंडी व्यवहार भांडण होईपर्यंतच टिकतो. समजा, विकणाऱ्याचा भाऊ उद्या उभा राहिला आणि म्हणाला, "डोंगा दोघांचा होता, माझा हिस्सा द्या." किंवा घेणारा घरधनी अचानक वारला. डोंगा आपलाच आहे हे त्याच्या बायकोने कशाच्या आधारे सांगावे? साक्षीदार गाव सोडून जातात, काही विसरतात, काही तर विकले जातात. कागद मात्र पेटीत राहतो.

कागद कसा करावा? दोघांची पूर्ण नावे व पत्ते लिहा. डोंग्याची लांबी-रुंदी, तो लाकडी की फायबरचा, ओळखीची खूण, इंजिन असल्यास त्याचा नंबर, सोबत दिलेली वल्ही, दोर, जाळी हे सर्व नोंदवा. किंमत अंकी व अक्षरी लिहा. इसार किती, बाकी कधी, ताबा कोणत्या तारखेला, हे स्पष्ट असू द्या. "डोंगा माझ्या मालकीचा असून त्यावर कर्ज वा कोणाचा हक्क नाही," हे विकणाऱ्याकडून अवश्य लिहून घ्या. डोंगा सरकारी अनुदानातून आला असेल तर विकण्याची अट आधी त्या खात्यात विचारा. दोन साक्षीदार, दोन प्रती. अंगठा करणाऱ्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावा.

एवढ्याने काम संपत नाही. विक्रीचा कागद वेगळा आणि सरकारी नोंद वेगळी. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्गत जलयान कायदा, २०२१ आला. त्यानुसार इंजिनाच्या नावेला तपासणी, नोंदणी व विमा हवा. हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चालते. वल्ह्याच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत पातळीवर घेण्याची तरतूद त्यात आहे. तेव्हा आधी तहसील कचेरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव आधीच नोंदलेली असेल तर घेणाऱ्याचे नाव चढवून घ्या. यात विकणाऱ्याचेही हित आहे. नोंद त्याच्याच नावावर राहिली तर अपघातानंतर पहिली विचारणा त्याच्याकडेच होते.

अपघात ही दूरची गोष्ट नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे याच वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जीव गेले. नोंदीने नदीचा पूर थांबत नाही, हे खरे. पण नावेची तपासणी होते, किती माणसे बसवायची ते ठरते आणि जबाबदार कोण हे कळते.

बंधू-भगिनींनो, सही करताना घरातील बाईला शेजारी बसवा. कागद कोणत्या पेटीत ठेवला, हे तिला आणि शिकणाऱ्या लेकरांना माहीत असू द्या.