वकीलपत्र असले तरी बंद्याचा अर्ज वाचला जावा

आरोपीने वकीलपत्रावर सही किंवा अंगठा केला, म्हणजे आपल्या वतीने न्यायालयात बोलण्याचा अधिकार वकिलाला दिला, आणि त्यानंतरही तो कारागृहातून स्वतःच्या नावाने अर्ज पाठवू लागला, तर न्यायालयाने त्याची दखल घ्यावी की वकील आहे एवढ्याच कारणाने तो दफ्तरी दाखल करावा, याचे स्पष्ट उत्तर भारतीय फौजदारी कायद्यात सापडत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २२ पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४१ ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फॅरेटा खटल्यात आरोपीला स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हक्क मान्य केला, पण वकील ठेवून शिवाय स्वतःही बाजू मांडणे हा घटनात्मक हक्क नव्हे, असे १९८४ मध्ये मॅककॅस्कल खटल्यात सांगितले. त्यामागचे कारण खरे आहे, कारण आरोपी घटनास्थळी नव्हताच असा बचाव वकील उभा करीत असताना आरोपीच्याच अर्जात तेथील हजेरीचा उल्लेख आला, तर तो अर्ज त्याच्या विरोधात जाऊ शकतो.

मात्र हा नियम गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याच्या आरोपीला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरेल. याच तालुक्यातील सुरजागड येथील २०१६ च्या वाहन जाळपोळ खटल्यातील एक आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, यांनी एल्गार परिषद खटल्यात पुण्याच्या न्यायालयात स्वतः युक्तिवाद केला. उभे आयुष्य न्यायालयात गेलेल्या माणसाला ते साधते. त्याच तालुक्यातील माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या कच्च्या कैद्याची, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या बंद्याची, गोष्ट वेगळी आहे. वकिलाची भाषा मराठी, कागदपत्रांतली मराठी त्याहून अवघड, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, आणि भेट झालीच तर पेशीच्या दिवशी घाईत. अशा बंद्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला अर्ज म्हणजे वकिलापर्यंत आपले म्हणणे पोहोचत नसल्याची तक्रारच असते, आणि नाव कायदेशीर मदतीचे असले तरी ती मदत त्याला मिळालेली नसते.

बंद्याच्या कागदाला किंमत देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिहार कारागृहातून सुनील बत्रा यांनी दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात निकालपत्राची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील हे बंद्याचे हक्क ठरले. शिक्षा झालेल्याला कारागृह अधिकाऱ्यामार्फत अपील करण्याची सोय तर कायद्यातच आहे. नाममात्र वकील पुरेसा नाही, हे अनोखीलाल खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, कारण तेथे वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते.

म्हणून उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून अशा अर्जांची रीत ठरवावी. कारागृहातून आलेला अर्ज नोंदवला जावा, त्याची प्रत वकिलाला द्यावी, आणि माडिया जाणणाऱ्या दुभाष्यासह सात दिवसांत बंद्याची भेट घेऊन वकिलाने तो अर्ज स्वीकारतो, सुधारतो की मतभेद आहे, ते लेखी कळवावे. भेट होईपर्यंत त्यातील मजकूर सरकारी पक्षाच्या हाती जाऊ नये. मतभेद मिटत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दुसरा वकील द्यावा, आणि वकिलाविरुद्धची तक्रार मात्र न्यायाधीशांनी बंद्याला समोर बोलावून, त्याच्या भाषेत, स्वतः ऐकावी.