डीजेच्या भिंतीमागे हरवलेला शब्द



आमच्या केनवडसारख्या गावात चौदा एप्रिलची वर्गणी कुठून येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोयाबीनची निंदणी-सोंगणी करणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीतून ती येते. त्यातला मोठा वाटा डीजेवाला घेऊन जातो. रात्रभर छाती हादरते. दुसऱ्या दिवशी नाचणाऱ्या पोरांना विचारा, काल वाजलेलं एखादं कडवं म्हणून दाखवा. ताल आठवतो, शब्द आठवत नाहीत.

हे लिहिलं की काही सज्जन लगेच माना डोलावतील. त्यांना आधीच सांगतो, मी तुमच्या बाजूचा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि रात्री दहाची मर्यादा सगळ्यांना सारखी आहे. गणपती विसर्जनाला कानात बोळे घालून गप्प बसणाऱ्यांनी फक्त भीमजयंतीला कायदा शिकवू नये. आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. नाचा, हक्काने नाचा. ज्या रस्त्यावरून आपल्या पणजोबांना ताठ मानेने चालता येत नव्हतं, तिथे नाचणं हेसुद्धा राजकारणच आहे. माझी तक्रार एवढीच की त्या नाचात आपलं गाणं मुकं झालं.

आपल्या चळवळीत गाणं करमणुकीसाठी आलं नव्हतं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा ज्यांच्यासाठी तो निघाला त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. छापलेला विचार त्यांच्यापर्यंत नेला कोणी? जलशांनी. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाची ढोलकी घेतली आणि तिच्यावर शिक्षण, पाणी, मंदिरप्रवेश, गावकीची लाचारी हे विषय चढवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत ते अक्षरं शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहून गावोगाव गात फिरले. वीज नाही, माईक नाही, तरी आपल्या आज्यांना ती गाणी तोंडपाठ होती. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि कडवं एकालाही येत नाही. मग तंत्रज्ञानाने आपल्याला नेमकं काय दिलं?

समोरच्याला मात्र या शब्दाची ताकद पक्की ठाऊक आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्यावरून त्याचा खून झाला. रिंगटोनचा आवाज तो केवढा? जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत भीमजयंती काढल्याच्या रागातून एका तरुणाला मारलं गेलं. या दोन्ही ठिकाणी राग बाबासाहेबांच्या नावाचा होता. सरकारचंही तेच. कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये यूएपीएखाली अटक झाली आणि खटल्याचा निकाल न लागता ते वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. त्यांच्या हातात डफ होता. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात तर बोललेला आणि लिहिलेला शब्दही बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बसतो. उद्या याची पहिली झळ कोणाला लागणार? भिंत लावून बास वाजवणाऱ्याला नक्कीच नाही. जाब विचारणारं गाणं लिहिणाऱ्याला लागणार.

म्हणून हा शब्द सांभाळणं हे आता चळवळीचं काम आहे. आपण तो कंपन्यांच्या आणि ॲपच्या भरवशावर सोडून दिला. व्हिडिओवर गाणाऱ्याचं नाव मोठं असतं, लिहिणाऱ्याचं बऱ्याचदा नसतंच. आता तर यंत्राकडून मिनिटात भीमगीत करून घ्यायची सोय झाली. ज्याने अपमान सोसला नाही, तो विद्रोह काय लिहिणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. आज हाती असलेल्या फोनसारखं साधन तेव्हा नव्हतं, तरी ते काम उभं राहिलं. आपल्याला तर घरातल्या आजीजवळ बसून एक बटण दाबायचं आहे.

केनवडपासून वाशिमपर्यंतच्या सगळ्या जयंती मंडळांना माझं थेट सांगणं आहे. तेरा एप्रिलच्या संध्याकाळी दोन तास डीजे बंद ठेवा. ढोलकी, पेटी आणा, चार गाणी म्हणा आणि प्रत्येकाचा अर्थ पोरांना सांगा. गाणं वाजवताना आणि टाकताना कवीचं नाव घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे, तो आपल्या शाहिरांच्या घरी पोचतो का, हे विचारा. म्हाताऱ्या बायांच्या ओव्या नाव, गाव, तारीख घालून रेकॉर्ड करा आणि दोन ठिकाणी जपा. आणि नवं लिहा. सोयाबीनचा पडलेला भाव, महाडीबीटीवर अडकलेली शिष्यवृत्ती, बंद पडणाऱ्या शाळा, यांवर आपल्या गावातलं गाणं कुठे आहे?

डीजेवाला पहाटे सामान गाडीत भरून निघून जातो. कडवं पाठ असेल तर तेवढं गावात राहतं आणि पुढच्या मोर्चात कामाला येतं.

जयभीम!