आजीचं गाणं, माझी शाळा

मुलांनो, रानशेतला माझ्या पहिलीच्या वर्गातली एक मुलगी जानेवारी उजाडला तरी तोंड उघडेना. मला वाटलं, हिला काही येतच नाही. मग एका लग्नघरी पाहते तर काय! बायकांच्या घोळक्यात ही बया खणखणीत गातेय, एकही शब्द न अडखळता. तिच्या घरी वारली बोलतात आणि मी मेली पुस्तकातलं मराठी बोलत होते!

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांतलंच एक झाडापाखरांचं गाणं घेतलं. (धवलेरीची गाणी लग्नविधीची, ती नाही घेतली.) ओळीचा शेवटचा शब्द मुद्दाम गिळला. तो तिने भरला! मग पाखराचं नाव बदलायला सांगितलं. नवी ओळ तयार! ती फळ्यावर लिहिली, बोट ठेवून तिनेच वाचली.

शाळेनेच मुलांकडे जायची रीत आमच्या डहाणू तालुक्यात जुनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ साली कोसबाडला नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर चक्क कुरणशाळा काढली!

आता तुम्ही आजीकडून एक गाणं ऐकून लिहून काढा. शब्द अडला तर आईबाबांना विचारा. त्यांनाही नाही आला, तर पुन्हा आजीकडेच जा.