आराखडा आखणाऱ्यांचे शिक्षण

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ही पातळी 57 फुटांच्या वर गेली. 2005 मध्ये महापूर येऊन गेला होता; 2021 मध्ये तो पुन्हा आला. प्रत्येक वेळी धरणांच्या विसर्गाची, अलमट्टीच्या फुगवट्याची आणि पावसाच्या प्रमाणाची चर्चा झाली, व ती आवश्यकही होती. परंतु ज्या जमिनीवर पाणी चढले तेथे वस्ती कोणाच्या आखणीने झाली आणि आखणी करणारा माणूस काय शिकला होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो येथे विचारावयाचा आहे.

आपल्याकडील नियोजनाचा पाया 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा होय. पंचविशीत पदवी घेऊन शासकीय सेवेत आलेला नगररचनाकार अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. या तेहतीस वर्षांत नदी बदलते, पाऊस बदलतो, कायदेही बदलतात. 1993 मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली, 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. नोकरीत असताना त्याच्या वाट्याला येणारे नवे शिक्षण म्हणजे बहुधा नव्या नियमांचे वाचन: चटई क्षेत्र किती आणि अधिमूल्य किती. नियम शिकविला जातो. ज्या भूमीला तो लावावयाचा ती भूमी शिकविली जात नाही.

पूररेषेचेच उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी निळी रेषा जोडलेली आहे, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी लाल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी माणूस निश्चिंत होतो. वस्तुतः त्यांचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच आहे. लाल रेषेवरील घराचे कर्ज तीस वर्षे फेडणाऱ्या कुटुंबाच्या दारी त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता चारात एक इतकी निघते. निळ्या रेषेवर ती दहात सात होते. शिवाय हा हिशेब भूतकाळातील नोंदींवर बेतलेला असतो. पावसाची रीतच पालटू लागली, तर रेषाही जागची हलते. जुन्या रेषेवर विसंबून परवानगी देणारा अधिकारी अप्रामाणिक असेलच असे नाही. त्याचे शिक्षण मागे राहिलेले असते. त्याची किंमत मात्र दुसराच कोणी मोजतो.

हा दुसरा कोण? सांगली, मिरज व कुपवाड मिळून 1998 मध्ये महापालिका झाली. तेथील गुंठेवारीत राहणारा हमाल, यंत्रमागावरील कामगार, घरकाम करणारी बाई हे त्याचे उत्तर आहे. एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा. आराखड्यातील घरे परवडली नाहीत, म्हणून या माणसांनी सखल, स्वस्त जमिनीत एकेक गुंठा घेतला. नियोजनशास्त्र त्याला ‘अनधिकृत’ म्हणून मोकळे होते. जमिनीचा भाव वाढला की गरीब पाण्याकडे ढकलला जातो, हे अर्थशास्त्र नियोजकाला पुन्हा पुन्हा शिकवावे लागेल.

साताऱ्याकडे हाच प्रश्न डोंगरावर चढतो. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील 235 गावे नव महाबळेश्वर प्रकल्पात घेण्यात आली. कोयनेच्या विस्थापितांच्या या मुलखात पर्यटनाचा आराखडा आखणाऱ्याला उताराची माती, झऱ्यांची वाट आणि 1967 चा भूकंप ठाऊक असावयास नको काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच साथींकडून येईल: ‘नियोजकाला सारे कळते, सत्ताधारी आणि बांधकाम व्यावसायिक त्याला काही करू देत नाहीत.’ यात तथ्य आहे. प्रशिक्षणाने भ्रष्टाचार संपेल असे मी म्हणत नाही. परंतु दबावाखालील अधिकाऱ्याजवळ प्रतिकाराचे एकच साधन असते, ते म्हणजे फाइलीवरील सकारण टिपण. ते लिहावयास अद्ययावत ज्ञान लागते. अज्ञानी अधिकाऱ्याला विकत घेण्याचीही गरज पडत नाही.

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत 30 श्रेयांक मिळवावे लागतात. आम्हा प्राध्यापकांना बढतीसाठी उजळणी वर्ग करावे लागत; कुरकुरत गेलो, तरी काही शिकून परतलो. शहराच्या प्रकृतीवर शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच तेवढे बंधन नसावे, हे आश्चर्य आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार देशात 12,000 हून अधिक नगररचनाकार हवेत. राज्यांच्या नगररचना खात्यांत मंजूर पदे 4,000 हून कमी होती आणि त्यांतीलही सुमारे 42 टक्के रिक्त. पदे भरल्याखेरीज प्रशिक्षणासाठी माणूस मोकळा होणार नाही. म्हणून या दोन्ही मागण्या एकत्रच कराव्या लागतील.

हे शिक्षण सक्तीचे, सार्वजनिक खर्चाने चालणारे आणि बांधकाम व्यावसायिकांच्या आतिथ्यापासून दूर असावे. ते पुण्या-मुंबईच्या सभागृहातच व्हावे असे नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. साताऱ्यात कर्मवीरांच्या रयतेची महाविद्यालये आहेत. वर्ग पावसाळ्यात भरवावेत, आणि पाणी प्रथम कोणत्या बोळातून शिरते हे सांगणारी पूरग्रस्त बाई तेथे मानधन घेऊन शिकविणारी असावी. ही कल्पना नवी नव्हे. आधी पाहणी, मग आराखडा, असा आग्रह पॅट्रिक गेडिस यांनी शतकापूर्वी भारतातील शहरे पायी हिंडून धरला होता. 1980 च्या दशकात येरळेवरील बळीराजा धरणासाठी सांगली जिल्ह्यातील दुष्काळी शेतकरी आणि तज्ज्ञ अभियंते एकत्र बसले. भूमिहीनालाही पाण्यात वाटा हे तत्त्व त्या बैठकींतून पुढे आले. तेथे कोण कोणाला शिकवीत होते, हे ठरविणे अवघड आहे.

अखेरची गोष्ट आपल्याविषयी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी बहुतेक शहरांत 30 दिवसांची मुदत मिळते. त्या तीस दिवसांत ज्यांच्या जमिनीला भाव आहे ते वकील घेऊन येतात. ज्यांच्या घरात पाणी येते त्यांना नकाशा वाचता येत नाही. प्रत्येक तालुक्यात आपल्या किमान दोन कार्यकर्त्यांना तो वाचता आला पाहिजे. नियोजकाने शिकावे ही मागणी करण्याचा अधिकार, स्वतः शिकावयास बसणाऱ्यालाच पोचतो.