सायलेन्सर चिरडला, इंधनाचे काय?

जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग मांडून त्यांवर रोडरोलर फिरविण्याचे दृश्य गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिले. कानठळ्या बसविणाऱ्या मोटारसायकलींना विटलेल्या नागरिकांनी त्याचे स्वागत करावे, हे स्वाभाविकच होय. तथापि या कारवाईत चिरडले जाते ते केवळ आवाजाचे साधन. नव्या सायलेन्सरबरोबर इंजिनाच्या इंधनपुरवठ्यात जो फेरफार केलेला असतो, किंवा करावयास हवा असूनही केलेला नसतो, तो कोणाच्याच नजरेस पडत नाही.

पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या हिशेबाच्या आधारेच कारखान्यात एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इंधनपुरवठा यांची सांगड घातलेली असते. मोकळा फिल्टर व मोकळा सायलेन्सर बसविला की इंजिन अधिक हवा ओढू लागते. इंधन मात्र जुन्याच मापाने येत राहते. मग गाडी अडखळते, इंजिन तापते, आणि भार जास्त असेल तर पिस्टन व व्हॉल्व्ह यांनाही धोका संभवतो. कार्बोरेटरच्या काळात यावरील इलाज कोपऱ्यावरच्या मेकॅनिकपाशी होता. मोठा जेट बसवावा, फेरी मारावी, प्लग काढून त्याचा रंग पाहावा. पांढुरका असल्यास इंधन कमी, काजळलेला असल्यास जास्त. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत हे काम ईसीयू या छोट्या संगणकाकडे गेले.

हा संगणक सारे आपोआप जुळवून घेतो, अशी समजूत तरुणांत रूढ आहे. ती अर्धीच खरी. गाडी एका संथ गतीने चालत असता एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची वार्ता देतो व त्यानुसार दुरुस्ती होते. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडला की संगणक सेन्सरचे न ऐकता आपल्या कोष्टकावर विसंबतो, आणि त्या कोष्टकाला नव्या फिल्टरची गंधवार्ताही नसते. म्हणजे ज्या क्षणी इंजिनावर ताण सर्वांत अधिक, त्याच क्षणी दुरुस्ती बंद! तेव्हा सुटे भाग बदलल्यावर कोष्टकही बदलणे तांत्रिकदृष्ट्या रास्तच ठरते. अडचण पुढे येते. अधिक ताकदीच्या हव्यासापायी हे काम बहुधा गरजेपेक्षा जास्त इंधन सोडून केले जाते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आणि बाजारातल्या बऱ्याच सायलेन्सरांत तो निस्तरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नसतो. लाभ एकाचा, खर्च अनेकांच्या फुप्फुसांवर. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते त्याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलची भर पडली आहे. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्राला हे धोरण जवळचे असले, तरी इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते, हे विसरून चालणार नाही. दुचाकींच्या इंधनक्षमतेत तीन ते चार टक्के घट होईल, असा अंदाज नीती आयोगाने २०२१ मध्येच वर्तविला होता. मोकळ्या फिल्टरने आधीच इंधनाला मोताद झालेल्या इंजिनाची स्थिती यामुळे आणखी नाजूक होते.

शासनाची नजर मात्र पीयूसीपुरती. ही तपासणी पेट्रोलच्या दुचाकीला जागीच, बिनभार चालवून होते. पूर्ण थ्रॉटलचे कोष्टक तिच्या कक्षेत येतच नाही. नायट्रोजन ऑक्साइडला किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घालायची आणि पीयूसीत तो मोजायचाच नाही, याला काय म्हणावे? कायदा कडक नाही असे नव्हे. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली. पण जे मोजले जात नाही त्याला दंड कसा करणार?

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. २००८ पासून सुमारे ३ लाख ४० हजार ट्यूनर विकल्याबद्दल तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने हार्ले-डेव्हिडसन कंपनीला जाब विचारला. ती साधने केवळ शर्यतीसाठी होती, हा कंपनीचा बचाव. ऑगस्ट २०१६ मध्ये तडजोड झाली, १ कोटी २० लाख डॉलर दंड ठरला, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या वायुमंडळाचे प्रमाणपत्र असलेलेच ट्यूनर विकण्याची अट आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तेथे जाब विक्रेत्याला विचारला गेला, आणि प्रमाणपत्राची वाट खुली ठेवली गेली.

आपल्याकडे उलट रीत आहे. सायलेन्सर व रिमॅपिंगची साधने राजरोस विकली जातात, आणि पोलीस गाठतात तो चौकात उभा असलेला विद्यार्थी. सायलेन्सर, फिल्टर व कोष्टक यांचा जोड एकत्र तपासून त्याला मान्यता देणे हे काही अशक्यप्राय काम नव्हे. गाड्यांना मान्यता देण्यापूर्वी त्यांच्या धुराची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. सुट्या भागांच्या उत्पादकांकडून शुल्क घेऊन हे काम तिच्याकडे सोपविता येईल. त्यासाठी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने नियम मात्र करावयास हवा.